पन्नाशीला टेकलेली मोटार

सनावळीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच पडून होतं. पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क झाल्यापासून त्यांना सगळे सनावळीकरच म्हणत, आणि त्याला कारण त्यांचं तोंड होतं. तारीख विचारली तर माणूस तारीख सांगतो आणि कामाला लागतो. सनावळीकर तारीख सांगत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मग खरे सुरू होत. "एकोणतीस जानेवारी! अठराशे शहाऐंशी साली याच दिवशी पहिल्या मोटारीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. तीन चाकं होती तिला. चौथं नंतर सुचलं." चष्मा टेबलावर आला की आजूबाजूच्या लोकांना एकदम तहान लागे. पाणीपुरवठा खात्यात पाण्याला एवढी मागणी दुसऱ्या कुठल्याही कारणानं कधी आली नव्हती.

पहिली मोटार कधी निघाली, पहिली शर्यत कुठून कुठपर्यंत झाली, फक्त मोटारींसाठी बांधलेला पहिला हमरस्ता कुठल्या साली खुला झाला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे नव्हती ती फक्त मोटार. लायसन्स होतं, ते तरुणपणी काढलं होतं आणि फोटो बरा आला म्हणून जपून ठेवलं होतं.

घराण्यात मोटार होती ती सासरेबुवांची. सासरेबुवा म्हणजे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक, वय ऐंशीच्या पुढं, शब्दांचे कंजूष. बायको वारल्यावर ते लेकीकडे राहायला आले तेव्हा सोबत एक ट्रंक, पेन्सिलींचा डबा आणि ही मोटार घेऊन आले. ट्रंक माळ्यावर गेली, मोटार इमारतीच्या मागच्या शेडमध्ये. ती शेवटची कधी चालली हे सनावळीकरांनाही सांगता येत नसे, यावरून काय ते समजा. चारही टायर बसले होते. बॉनेटवर वेल चढला होता. पण रोज सकाळी चहा झाला की सासरेबुवा वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन खाली उतरत, मोटारीच्या मागच्या सीटवर बसत, काचा वर करत, आणि वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच राहत. संध्याकाळी, म्हणजे जावई कचेरीतून आले की, पुन्हा.

अशा या मोटारीवर एक दिवस नोटीस चिकटली.

नोटीस सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं आणि जरा जास्तच डिंक लावून चिकटवली होती. वीस वर्षांपेक्षा जुनं, बंद अवस्थेतलं वाहन नव्या नियमाप्रमाणे भंगारात जमा करावं, अन्यथा परिवहन कार्यालयाचा ट्रक येऊन उचलून नेईल. सेक्रेटरींना नियमांबद्दल नितांत आदर होता. त्यांनी नुकतीच दुसरी मोटार घेतली होती आणि तिला शेडमध्ये जागा नव्हती, हा निव्वळ योगायोग.

"माझं काही नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "वरून आलंय."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून," असं म्हणून त्यांनी छताकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहत, पण त्यांचा काही संबंध नसावा.

घरी खलबत झालं. सनावळीकरांच्या बायकोचं मत एका वाक्यात संपलं. "देऊन टाका. पाली झाल्यात त्यात." मग दोघांनी सासरेबुवांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पेन्सिल कानामागं ठेवली आणि म्हणाले, "गाडी जायची नाही."

त्यांच्या मानानं हे भाषणच होतं. आणि इथंच सनावळीकरांच्या अंगात आलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या चोवीस वर्षांत सासऱ्यांनी जावयाला वाईट म्हटलं नव्हतं, पण बरंही म्हटलं नव्हतं. प्रमोशन मिळालं तेव्हा सासरेबुवा "अस्सं" म्हणाले होते. घर घेतलं तेव्हा तेवढंही नाही. आता मात्र म्हातारबुवांचा जीव एका मोटारीत अडकला होता, आणि मोटार हा तर जावयाचा विषय! नियतीनं त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच काढली होती.

"बाबा," सनावळीकर छाती पुढं काढून म्हणाले, "तुम्ही निर्धास्त राहा. गाडीच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"गाडीला केस कुठले?" सासरेबुवा म्हणाले. मुद्रितशोधक तो मुद्रितशोधकच.

सनावळीकरांनी नियमांचं पुस्तक मिळवलं आणि दोन रात्री वाचून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते विजयी मुद्रेनं चहाला आले. वीस वर्षांवरची मोटार भंगार, हे खरं होतं. पण त्याच पुस्तकात पुढं, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच मूडमध्ये लिहिलेलं कलम होतं: पन्नास वर्षं पूर्ण केलेलं वाहन हा राष्ट्रीय वारसा असून त्याला हात लावणं हा गुन्हा आहे. म्हणजे विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत मोटार ही एक लाज असते, आणि एका सकाळी उठून बघावं तर ती अभिमान झालेली असते. माणसांच्या बाबतीत सरकारनं अजून अशी सोय केलेली नाही.

"आपली गाडी किती वर्षांची?" त्यांनी विचारलं.

"हिच्याएवढी," सासरेबुवा लेकीकडे पेन्सिल दाखवून म्हणाले. "हिला दवाखान्यातून घरी आणायला म्हणूनच घेतली. आदल्या दिवशी आली."

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाई हातात पळी घेऊन दारात आल्या. "याचा पुरावा म्हणून माझं नाव कुठंही द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते. शाळेत मी सेहेचाळीस वर्षांची आहे." त्या शाळेत ग्रंथपाल होत्या आणि गेली काही वर्षं तिथं सेहेचाळीस वर्षांच्याच होत्या.

सनावळीकरांनी मनातल्या मनात हिशोब केला. मोटारीच्या पन्नाशीला अजून पाच-सहा महिने होते. तेवढे दिवस ती वाचवायची, एवढंच काम.

बातमी इमारतभर पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्या शिंप्यानं गाडीला खोळ शिवून देतो म्हणून मापं घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं, बॉनेटमध्ये माती भरून टोमॅटो लावा. मग ते वाहन राहत नाही, बाग होते, आणि बागेला कोण हात लावतो? दंतवैद्य सगळ्यांत शेवटी बोलले, आणि त्यांचं बोलणं शास्त्रशुद्ध असल्यामुळे सनावळीकरांना पटलं. "मी पेशंटला नेहमी सांगतो," ते म्हणाले, "एकेक दात धरून बसू नका. सगळे काढा, नवे बसवा. रोजची कटकट जाते."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यानं केला.

आधी सनावळीकर परिवहन कार्यालयात गेले. तिथं खिडकी क्रमांक चारमागं एक क्लार्क बसला होता. तोंडात पेनचं टोपण होतं, आणि बोलताना तो ते काढत नसे.

"गाडी चालू आहे का बंद?" क्लार्क म्हणाला.

"सध्या विश्रांती घेते आहे."

"म्हणजे बंद. बंद म्हणजे भंगार."

"समजा, चालू केली?"

"मग दाखवायला आणा."

"चालवत आणतो."

"फिटनेसचा दाखला नसताना रस्त्यावर आणली तर दंड होईल."

"मग दाखला द्या."

"गाडी बघितल्याशिवाय?" क्लार्क दुखावला गेला. "आम्ही इथं काय झोपा काढतो?"

"मग दोरीनं ओढत आणतो."

"ओढत आणली म्हणजे बंद. बंद म्हणजे भंगार."

दुसऱ्या कुणाचा धीर सुटला असता. सनावळीकरांनी चष्मा काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "साहेब, अठराशे शहाण्णव सालच्या जानेवारीत वेगाबद्दलचा पहिला दंड झाला. ताशी आठ मैल! पोलिसानं सायकलवरून पाठलाग करून पकडला. पण त्या पोलिसानंसुद्धा गाडी आधी चालू दिली हो, मग पकडली."

क्लार्कनं पहिल्यांदाच टोपण तोंडातून काढलं, बराच वेळ या माणसाकडे पाहिलं, आणि निव्वळ ते बोलणं थांबावं म्हणून सांगितलं की आमचा निरीक्षक तुमच्या जागेवर येईल. गाडी त्याच्यासमोर थोडी पुढं आणि थोडी मागं गेली की चालू समजू. सनावळीकर याला कायमच इतिहासाचा विजय म्हणत आले.

मग मेकॅनिक आला. चौकातला हा मेकॅनिक हुशार होता आणि त्याला वेळ होता, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की गिऱ्हाईकानं सावध व्हावं. त्यानं मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडलं, आत बघून डोळे मिटले.

"काका, किती दुरुस्त करायची?"

"सगळी," सनावळीकर म्हणाले. दंतवैद्य त्यांच्या मुखातून बोलत होते. "एकेक पार्ट धरून बसू नका. काढा आणि नवं बसवा."

असा हुकूम मेकॅनिकला आयुष्यात मिळाला नव्हता. त्यानं इंजिन काढलं, एका अपघातात सापडलेल्या दुसऱ्या गाडीचं बसवलं. दारं गंजली होती, दारं बदलली. पत्रा बदलला, दिवे बदलले, डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा आला, स्टिअरिंग तर एका छोट्या टेम्पोचं होतं आणि हातात घेतलं की माणसाला उगीचच कुठंतरी कांदे पोहोचवावेसे वाटत. जुनं काढलेलं सगळं भंगारवाला हातगाडीवर घालून नेत होता. सनावळीकर कचेरीतून आले की रोज काहीतरी नवं दिसे आणि ते खूश होत.

फक्त मागची सीट राहिली. ती काढायची तर सासरेबुवांनी उठायला हवं होतं, आणि ते उठत नव्हते. इंजिन बाहेर काढताना ते आत होते. दारं नव्हती त्या आठवड्यात जरा अस्वस्थ दिसले, पण आतच होते. नवी दारं बसल्यावर त्यांनी ताबडतोब काचा वर केल्या आणि पेन्सिलीला टोक काढलं. मेकॅनिक म्हणाला, "आजोबा, दोन मिनिटं," तर त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

निरीक्षक आला त्या दिवशी सगळी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. सनावळीकर स्टिअरिंगवर, सासरेबुवा मागं. मोटार सुरू झाली. ती खरोखर सुरू झाली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. थोडी पुढं गेली. निरीक्षकानं मान हलवली. "आता मागं."

सनावळीकरांनी आरशात पाहिलं, आणि तिथंच घात झाला. कारण आरसा दिसला की एकोणीसशे अकरा साल आठवणारा माणूस जगात विरळा, आणि तोच आज गाडी मागं घेत होता. "तीस मे!" ते खिडकीतून निरीक्षकाला ओरडून सांगू लागले. "पाचशे मैलांची ती पहिली मोठी शर्यत! सगळ्यांच्या गाडीत मागचं बघायला मदतनीस, आणि एका पठ्ठ्यानं मदतनीसाऐवजी नुसता आरसा लावला! आणि जिंकला! मागं बघण्याचं महत्त्व त्या दिवशी जगाला..."

जगाला जे कळलं ते सेक्रेटरींच्या नव्या मोटारीला कळलं. आवाज फार मोठा झाला नाही. एक दिवा फुटला, आणि पुढच्या पत्र्याला असा पोचा आला की गाडी कुणाला तरी नाक मुरडतेय असं वाटे.

सेक्रेटरी धावत आले. "हे काय केलंत?"

"मागं घेतली," सनावळीकर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

निरीक्षकानं थंडपणे लिहिलं: वाहन पुढं जातं, मागंही जातं. चालू. आणि दाखला फाडून दिला. अपघात झाला याचाच अर्थ गाडी चालू आहे, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोडता येण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरींची भरपाई सनावळीकरांच्या बोनसमधून गेली. त्यावर बायको आठ दिवस बोलली नाही. मग इतकं बोलली की त्यांना ते आठ दिवस आठवत राहिले.

पण मोटार वाचली. महिने गेले. पन्नाशीचा दिवस उजाडला तेव्हा सनावळीकरांनी रजा टाकली, दाढी केली, ठेवणीतला कोट घातला. घरात आणखीही कुणाची तरी पन्नाशी त्याच सुमाराला होती, पण तिचा उल्लेख करायला बंदी होती. वारसा वाहन समितीच्या तज्ज्ञ बाई ठरल्या वेळी आल्या. बारीक अंगाच्या, मऊ आवाजाच्या, हातात बॅटरी, भिंग आणि एक छोटंसं लोहचुंबक. मेकॅनिकही आपलं काम बघायला आवर्जून आला होता.

"छान ठेवलीय," बाई म्हणाल्या, आणि सनावळीकर दोन इंच वाढले. बाईंनी दाराला लोहचुंबक लावलं, मग वाकून बिजागरी पाहिली. "हे दार मूळचं नाही."

"नाही! नवं आहे," सनावळीकर अभिमानानं म्हणाले.

"हे?"

"तेही नवं!"

"आणि इंजिन?"

आता मेकॅनिकला राहवेना. "मॅडम, सगळं नवं टाकलंय. या गाडीत एक जुना स्क्रू दाखवा, मी धंदा सोडून देईन."

बाईंनी बॅटरी बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टर नातेवाईकांना बाजूला घेतात तेव्हाचे भाव आले. "वारसा म्हणजे मूळ वस्तू, साहेब. मूळ गाडीचा निदान मोठा भाग शिल्लक लागतो. तुम्ही ती तशीच, गंजलेली, टायर बसलेली ठेवली असतीत ना, मी आज डोळे मिटून सही केली असती."

"पण तशी ठेवली असती तर ती भंगार होती!"

"ते परिवहनवाले. आम्ही वारसावाले."

सनावळीकरांना उभ्याउभ्या घाम फुटला. त्या घामातही त्यांना अठराशे चौऱ्याण्णव सालची शर्यत आठवली, ज्यात सगळ्यांत आधी पोहोचलेल्या गाडीला पहिलं बक्षीस मिळालं नाही, कारण तिला कोळसा घालायला वेगळा माणूस लागे आणि ते नियमात बसेना. पण या वेळी ती गोष्ट त्यांनी गिळली.

बाईंनी एक शेवटचा प्रयत्न केला. "या गाडीत मूळचं असं काहीच नाही का?"

मागची काच दोन बोटं खाली आली. "मी आहे," सासरेबुवा म्हणाले.

बाईंनी दार उघडलं, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही सीट! शिवण मूळची, स्प्रिंगा मूळच्या, कापडसुद्धा!" त्यांनी तिथल्या तिथं सीट प्रमाणित केली. दाखल्यावर लिहिलं होतं: आसन, मागील, नग एक. हे आसन विकता येणार नाही, बदलता येणार नाही, त्याचं कापड धुता येणार नाही, आणि ते कोरड्या जागी ठेवणं मालकावर बंधनकारक राहील.

"आणि बाकीची गाडी?"

"बाकीची गाडी," बाई अवघडून म्हणाल्या, "म्हणजे खरं तर अशी गाडीच नाहीये. वेगवेगळ्या गाड्यांचं काहीतरी आहे. याची नोंद कुठंच असणार नाही."

नोंद कुठंच नव्हती. म्हणून आठवड्याभरात ट्रक आला आणि धडधाकट चालणारी मोटार उचलून घेऊन गेला. मेकॅनिकनं डोळे पुसले. रिकाम्या जागेत त्याच संध्याकाळी सेक्रेटरींची गाडी येऊन उभी राहिली, नाक मुरडून.

सीट चार माणसांनी जिन्यावरून वर आणली. कोरडी जागा म्हणजे बाहेरची खोली, कारण आतल्या खोलीत ओल होती. सोफा गेला गॅलरीत, आणि सोफ्याच्या जागी, सनावळीकरांच्या खुर्चीच्या बरोबर समोर, राष्ट्रीय वारसा विराजमान झाला. त्यावर वर्तमानपत्र घेऊन सासरेबुवा बसले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सनावळीकर वाट बघत होते. मोटार गेली होती हे खरं. पण म्हातारबुवांची जागा त्यांनी वाचवली होती, सरकारशी झुंजून, बोनस घालवून. आता तरी एखादा शब्द? लेकीनंच विषय काढला.

"बाबा, बरं झालं ना? तुमची सीट तरी राहिली. गाडीवर फार जीव होता तुमचा."

सासरेबुवांनी पेन्सिल खाली ठेवली. "गाडीवर? गाडीनं मला सारखा त्रासच दिला. घेतली त्या वर्षी दोनदा बंद पडली."

"मग रोज जाऊन बसत कशाला होतात?"

म्हातारबुवांनी जावयाकडे पाहिलं. रागानं नव्हे; छापील मजकुरातली चूक दाखवताना बघावं तसं. "त्या काचा फार घट्ट बसायच्या," ते म्हणाले. "वर केल्या की तारखा ऐकू येत नव्हत्या."

बायकोला हसू आलं, ते तिनं पदरात कोंबलं. तेवढ्यानं भागेना म्हणून ती भांडी घेऊन आत गेली, आणि आतून नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. सनावळीकर उठले, चष्मा खिशात घातला आणि न बोलता झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशीही ते बोलले नाहीत. तिसऱ्याही. कचेरीत कुणी तारीख विचारली तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवत. पाणीपुरवठा खात्यात पाणी उरू लागलं. घरी संध्याकाळी खुर्चीत बसत आणि भिंतीकडे बघत. समोर सासरेबुवा वर्तमानपत्र वाचत. अशी शांतता त्या घरात लग्नापासून झाली नव्हती. सासरेबुवांनी पहिल्या संध्याकाळी चार पानं तपासली. दुसऱ्या संध्याकाळी दोन. तिसऱ्या संध्याकाळी पेन्सिल हातातच राहिली. त्यांनी ती कानामागं ठेवली, परत काढली, टोक बघितलं, घसा खाकरला. स्वयंपाकघरात लेक हातातली ताटली तशीच धरून उभी राहिली.

"जावईबापू," अखेर सासरेबुवा म्हणाले, "आज काय झालं होतं?"

सनावळीकरांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. पाच ऑगस्ट होता. एकोणीसशे चौदा साली याच दिवशी एका चौकात विजेवर चालणारे सिग्नलचे दिवे लागले होते, आणि रहदारीनं पहिल्यांदा एका दिव्याचं ऐकलं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. चष्मा अर्धा निघाला होता.

तो त्यांनी परत नाकावर नीट बसवला.

"आज?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आजच्या तारखेला, बाबा, जगात कुठंही काहीही झालेलं नाही."